नाव नसलेलं बटण

मास्तरांच्या दारावरची बेल वाजवण्याआधी माणसाने आपल्या घरच्यांना सांगून यावं, असं त्यांच्या इमारतीत सगळे म्हणत. पेपरवाला पेपर दारात फेकून जिना उतरलेला असे. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपड्यांचं पाणी यांच्या खिडकीत ठिबकलं, तर त्या आधी आपली खिडकी लावून घेत आणि मग आतूनच माफी मागत. मास्तर म्हणजे व्हायोलिनवाले. ही पदवी त्यांना स्टुडिओतल्या वादकांनी दिलेली. शिकवण्याशी तिचा काही संबंध नव्हता, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी एकही शिष्य केला नाही. "ज्याला कान आहे त्याला शिकवावं लागत नाही, आणि ज्याला नाही त्याला शिकवून उपयोग नाही," असं म्हणून ते आलेल्याला दारातूनच वाटेला लावत.

अशा त्या दारात एका सकाळी मंडळाचे चिटणीस फुलांचा गुच्छ घेऊन उभे राहिले.

"कोण मेलंय?" मास्तरांनी गुच्छाकडे बघत विचारलं.

"नाही, म्हणजे... सरांना जाऊन वर्ष होतंय ना, म्हणून आम्ही..."

"मग त्याला नेऊन द्या फुलं. मी अजून जिवंत आहे."

"अहो, आत तरी घ्या त्यांना," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. मास्तर दारातून बाजूला झाले, पण एवढेच की चिटणीसांना अंग चोरून आत यावं लागलं.

ज्यांना चिटणीस 'सर' म्हणत होते ते मास्तरांचे सख्खे मेहुणे, बायकोचा धाकटा भाऊ. मंडळ त्याच्या चाहत्यांचं होतं. सिंथेसायझर आज शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, पण या मेहुण्याने पहिला बनवला तेव्हा तो काय असतो हे सांगायलाही अर्धा तास लागे. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तो. एका मोडक्या ऑर्गनच्या पट्ट्या, भंगारातल्या वायरी आणि कपाटाएवढी लाकडी चौकट घेऊन तो बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत बसला आणि विजेला गायला लावीन म्हणाला. चौकटीवर पसाभर गोल बटणं. पट्टी दाबायची आणि बटणांचे कान पिळत बसायचं; पिळता पिळता त्या घरघरीतून कधी बासरी निघे, कधी भोंगा, बहुतेक वेळा भोंगाच. त्या यंत्राला आठवण नव्हती. बटणं ज्या जागी असतील तो आवाज, आणि हलली की गेला, पुन्हा जुळवेपर्यंत. मास्तर मेहुण्याला बटण्या म्हणत. तेव्हा ते प्रेमाने म्हणत, नंतर शिवी म्हणून.

तेच पहिलं यंत्र अजून मास्तरांच्या मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली उभं होतं आणि मंडळाला ते हवं होतं. ते दुरुस्त करायचं, मोठ्या सभागृहात वाजवायचं, आणि मग एक कंपनी त्याच्या नव्या नकला बनवणार होती. "अगदी जसं आहे तसंच," चिटणीस म्हणाले. "आवाजात केसाचाही फरक नाही."

"न्या," मास्तर म्हणाले. "खोली रिकामी होईल. पाय पसरायला जागा नाही मला."

बायको हात पुसत बाहेर आली. "न्या, पण बटणांना हात लावू नका," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात की चिटणीसांनी मान डोलावली आणि चहाला नाही म्हणाले.

ती असं का म्हणाली हे त्या घरात फक्त दोघांना माहीत होतं. तिसरा जो होता, तो वर्षापूर्वी गेला.

मास्तर स्टुडिओत व्हायोलिनच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसत. त्या काळी प्रत्येक गाण्यामागे व्हायोलिनांची अख्खी रांग लागे, आणि त्या रांगेत मास्तरांची एक खोड होती. बाकीचे वादक तारेवर बोट ठेवलं की लगेच ते थरथरवत. मास्तर आधी सूर सरळ धरत, क्षणभर थांबत, मग बोट हलवत. खोड म्हणा नाहीतर हट्ट म्हणा, पण कानवाल्यांना रांगेतूनही तो आवाज वेगळा ओळखू येई. संगीत संयोजक यावरून बोलतही. मास्तर ऐकून घेत आणि आपल्याला हवं तेच करत.

काम संपवून घरी आले की मेहुणा मागच्या खोलीतून हाक मारायचा, "भाऊजी, एकच सूर. जरा लांब." मास्तर चपला काढायच्या आधी व्हायोलिन काढत. हे सूर लावत, तो उकिडवा बसून बटणं पिळे, आणि मग यंत्र जे काही ओरडे ते ऐकून बायको दार लावून घेई. मास्तरांनी खरं तर हसून सोडून द्यायचं. पण वाईट व्हायोलिन त्यांना सोसत नसे, मग ते माणसाचं असो की विजेचं.

"अरे, बकरी आहे का ही? लगेच थरथरू नको! आधी सरळ उभा राहा, मग थरथर!"

"भाऊजी, वीज थांबत नाही हो."

"मग थांबव. कशाला शिकलास एवढं?"

मेहुणा कितीतरी दिवस त्या थरथरीच्या मागे लागला होता. शेवटी त्याने एक जादा बटण बसवलं. ते आधी बाहेर ओढायचं आणि मग फिरवायचं. नुसतं फिरवलं तर काहीच होत नसे. ओढून फिरवलं की थरथर मागे थांबे, सूर सरळ उगवे, आणि मग हलके हलके हलू लागे. ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा बायको नवरा आज किती छान वाजवतोय म्हणून दारात आली, तर नवरा रिकाम्या हाताने खुर्चीत बसलेला आणि डोळ्यांत पाणी. त्या दिवशी मास्तर इतके खूश झाले होते की त्यांनी मेहुण्याच्या पाठीत धपाटा घातला आणि आपल्या ताटातलं त्याच्या ताटात वाढलं. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण असं झालं होतं.

पुढे जे झालं ते कुणीही सांगावं. यंत्र स्टुडिओत गेलं. संयोजकाने एक पट्टी दाबून पाहिली, दोन दाबून पाहिल्या, आणि काही दिवसांनी व्हायोलिनच्या रांगेला कामावर येऊ नका म्हणून निरोप गेला. मग व्हायोलावाल्यांना, मग चेलोवाल्याला. चेलोवाल्याने चेलो विकला आणि शाळेच्या बसवर ड्रायव्हर झाला. एकाने किराणा दुकानात वजनं करायला सुरुवात केली. त्याचे हात इतके हलके की गिऱ्हाईक म्हणे हा काट्यावर काही ठेवतोय की नाही.

या सगळ्यांना कान होते, हीच अडचण. स्टुडिओबाहेर चहा पिताना कुणीतरी म्हणालं, "त्या खोक्यातून जो वाजतो ना, तो आवाज ओळखीचा वाटतो." सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या हातात कप होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"चोरला!" ते म्हणाले. "मी माझ्या खोलीत रियाज करायचो आणि तो भिंतीपलीकडे कान लावून बसायचा. सख्खा मेहुणा, पण अस्तनीतला साप निघाला!"

चेलोवाल्याने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 'घरभेदी' हा शब्द कुणाच्या तरी जिभेवर आला होता, तो गिळला गेला. त्या हाताच्या आधारावर मास्तरांनी पुढचं आयुष्य काढलं. आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी मेहुण्यापुढे हात जोडले. "तुझ्या पाया पडतो, माझं नाव कुठे घेऊ नकोस. माझ्यामुळे झालं असं कळलं तर हे लोक मला उभं जाळतील."

मेहुण्याने शब्द दिला आणि पाळला. यंत्रावरच्या प्रत्येक बटणाखाली त्याने पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं. त्या एकाखाली काहीच लिहिलं नाही. स्टुडिओतलं काम झाल्यावर ते यंत्र त्याने, बटणं त्याच सुरावर जुळवून, परत बहिणीच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. कारखान्याने यंत्र बाजारात आणलं तेव्हा खर्च वाढतो म्हणून ते बटण काढूनच टाकलं, त्यामुळे जगभर विकली गेलेली ती सगळी यंत्रं पहिल्या क्षणापासून थरथरतात. मास्तर कुठेही तो आवाज ऐकत, लिफ्टमध्ये, जाहिरातीत, बातम्यांच्या आधी, आणि मोठ्याने म्हणत, "बकरी!"

मेहुणा मोठा झाला. मुलाखतींत त्याला विचारत, व्हायोलिनचा आवाज विजेतून कसा काढलात? तो म्हणे, "गणित आहे सगळं." मास्तर पेपर चुरगाळून भिंतीवर फेकत.

"बघ, बघ तुझा भाऊ! गणित म्हणे! शिकवलं कुणी याला? बापाने?"

"तुम्हीच हात जोडलेत ना त्याच्यापुढे?"

"जोडले म्हणून काय झालं? माणसाला स्वतःहून कळायला नको?"

भाऊ बहिणीला भेटायला यायचा तो मास्तर घरात नसताना. मागच्या खोलीत जाऊन चादर उचलून बघायचा आणि परत टाकायचा. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मास्तरांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, "हवा जरा बरी झाली." त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात दोन माणसं राहत होती आणि एकच बोलत होता.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी कुणाला सांगितली नव्हती, बायकोला सांगायची गरज नव्हती. त्यांची बोटं आता सांध्यांत सुजून वाकडी झाली होती, हात कापत होता, व्हायोलिन कपाटावर पेटीत पडलं होतं. आणि आयुष्यभर ते रांगेत वाजवत आले. त्यांचं एकट्याचं वाजवणं कुणी कधी टिपून ठेवलंच नाही. पहिल्या खुर्चीवरच्या त्या माणसाचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता: मागच्या खोलीत, चादरीखाली, बाहेर ओढलेल्या त्या एका बटणामागे. म्हणून बायको त्या यंत्राची धूळ झटकताना बटणांच्या कडेकडेने फडकं फिरवी. म्हणून मास्तर जाता-येता यंत्राला लाथ मारत, पण खालच्या लाकडाला. बटणांना त्यांनी कधी धक्का लागू दिला नाही.

हमाल आले, यंत्र गेलं. मागच्या खोलीच्या फरशीवर त्याच्या पायांचे चार ठसे राहिले.

पुढच्या आठवड्यात चिटणीसांचा फोन आला, आवाज मऊ. दुरुस्ती करणाऱ्या बाई मोठ्या जाणकार, पण बटणांत इतका मळ साचला होता की प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून साफ केल्याशिवाय यंत्र नुसतं करकरत होतं. त्यांनी आधी फोटो काढले होते, सगळ्या खुणा पुन्हा जुळवल्या, पण आतले कुजलेले भाग बदलल्यामुळे त्याच खुणांवर आता आवाज वेगळाच येत होता. कार्यक्रमाच्या आधी सकाळी ताई आणि मास्तर येतील का? मूळ आवाज घरात रोज ऐकलेलं दुसरं कुणी नाही.

बायकोने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "बटणं हलली," ती म्हणाली.

"मी येणार नाही," मास्तर म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट कुठे आहे म्हणून विचारलं.

सभागृहात रंगमंचावर यंत्र उभं होतं, पुसून चकचकीत, आणि त्याच्यापुढे दुरुस्तीवाल्या बाई गुडघ्यावर बसल्या होत्या. खाली पहिल्या रांगेत काठी टेकून चेलोवाला बसला होता. 'तो काळ पाहिलेले' म्हणून मंडळाने जुन्या वादकांना बोलावलं होतं. येण्याजोगा तो एकच उरला होता.

"मास्तर! तुम्हीसुद्धा?" त्याने ओरडून विचारलं. "चोराच्या सत्काराला?"

"घर साफ झालं, ते बघायला आलोय."

बाईंनी पट्टी दाबली. मास्तर उभेच राहिले. बाई एकेक बटण फिरवत विचारत होत्या, ताई, म्हणजे मास्तरांची बायको, सांगत होती: जरा झाका, अजून, हं, बास. आवाज जवळ येत गेला. गजाची खरखर आली, लाकडाची ऊब आली. पण सूर निघाल्याबरोबर थरथरायला लागे. बकरी.

"हे एक बटण बघा," बाई म्हणाल्या. "याच्याखाली नावच नाही. फोटोत जरा बाहेर आलेलं दिसतं, मला वाटलं ढिलं झालंय म्हणून दाबून बसवलं. फिरवते तर काहीच होत नाही. ताई?"

ताई नवऱ्याकडे बघत होती.

'ओढा बाहेर' एवढे दोनच शब्द होते. ते मास्तरांच्या जिभेवर येऊन बसले. मास्तरांना तो सूर हवा होता. आयुष्यात कुठली गोष्ट इतकी हवी वाटली नसेल. एकदा ओढलं की ते स्वतः तिथे उभे राहणार होते, सरळ, न कापता. उद्या कंपनी त्याच्या नकला करणार होती, म्हणजे ते मेल्यावरही वाजत राहणार होते.

चेलोवाला काठीवर पुढे वाकला आणि कानामागे हात धरून म्हणाला, "सांगा की मास्तर. पण तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा, तुम्ही तर भिंतीपलीकडे होता."

तो भाबडेपणाने म्हणाला की मुद्दाम, हे मास्तरांना कळलं नाही. त्याच्या तोंडावर हसू होतं, पण डोळे मात्र ड्रायव्हरने रस्त्यावर ठेवावेत तसे मास्तरांवर होते.

"मला काय माहीत?" मास्तर म्हणाले. "बिघडलेलं असेल."

"मलाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या. "याच्या वायरीतून गुणगुणही येतेय, आणि कारखान्याच्या नकाशात हे बटण कुठेच नाही. घरच्यांची हरकत नसेल तर वायर काढून टाकते. मग कंपनी या बटणाशिवायच नकला करील." त्या ताईकडे वळल्या. "तोडू?"

"त्यांना विचारा," ताई म्हणाली. "मी नाही सांगणार."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं नाही. "तोडा," ते म्हणाले.

बाईंनी मागच्या बाजूने हात घातला. कट असा बारीक आवाज झाला आणि गुणगुण थांबली. त्यांनी पुन्हा पट्टी दाबली. स्वच्छ, गोड आणि पहिल्यापासून थरथरणारा सूर सभागृहभर पसरला. चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या. "असाच होता ना, मास्तर?"

"असाच."

चेलोवाला पोट धरून हसायला लागला. "याच्यामुळे आपल्या पोटावर पाय आला? या बकरीमुळे? आणि आम्ही मूर्ख, म्हणत होतो हा मास्तरांचा आवाज आहे!" तो उठला, काठी टेकत आला आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, आता हाडकुळा. "माफ करा हं. इतकी वर्षं मनात थोडी शंका होती. आज फिटली."

मास्तरांनी मान हलवली.

घरी जाताना रिक्षात बायको बाहेर बघत बसली. "बोल काहीतरी," मास्तर दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा ओरडले. "अगं, बोल! शिव्या दे!"

"काय बोलू? तुम्ही सांगितलंत ना सगळं."

संध्याकाळचा कार्यक्रम होता, त्याला ती एकटी जायची होती. मास्तर घरी आले आणि चपला न काढता स्टुलावर चढले, कपाटावरून पेटी खाली काढली. एक तार तुटलेली होती, बाकीच्या ढिल्या. खुंट्या फिरवता फिरवता त्यांनी व्हायोलिनला, खुंट्यांना, हवेला आणि मेलेल्या मेहुण्याला शिव्या घातल्या. मग हनुवटीखाली धरलं, वाकडं बोट तारेवर टेकवलं आणि गज ओढला.

सूर निघाला आणि निघताक्षणीच थरथरायला लागला. हात म्हातारा होता, त्याला दुसरं येत नव्हतं. मास्तरांनी गज उचलला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांनी बोट इतकं दाबलं की नख पांढरं झालं, तरी तेच.

बायको मागच्या खोलीत फरशीवरचे यंत्राचे ठसे घासत होती. घासणं थांबलं.

"लगेच थरथरू नका," ती तिथूनच म्हणाली. "आधी सरळ उभे राहा, मग थरथरा."

मास्तरांनी गज पुन्हा तारेवर ठेवला. हात थांबेना.